अंधाराशी ओळख करून घे

बयो, काल फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. तू म्हणालीस, "ताई, इथे आत्ताच सात वाजायच्या आत काळोख होतो. सगळे सांगतात, घड्याळं मागे गेली की साडेचारलाच रात्र. मी काय करू गं?" आणि मग गप्प झालीस. ते गप्प होणं मला चांगलंच ओळखीचं आहे. स्कॉटलंडमधल्या माझ्या पहिल्या शरदात मीही खोलीतले सगळे दिवे लावून पलंगावर पडून राहायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे गेलं, आणि आईशी असलेलं साडेचार तासांचं अंतर साडेपाचावर गेलं. माझी संध्याकाळ सुरू व्हायची तेव्हा तिकडे आई निजायला गेलेली असायची. त्या एका तासाने मला जेवढं रडवलं, तेवढं इथल्या थंडीनेही रडवलं नाही.

म्हणून आज तुला मोठी बहीण म्हणून एक गोष्ट सांगते. अंधार पडला की आत पळायचं नाही. नीट तयारी करायची आणि त्याच्यात जायचं. पिटलॉक्रीच्या 'एन्चांटेड फॉरेस्ट'ची दोन तिकिटं मी उन्हाळ्यातच काढून ठेवली होती, ती तुझी. एक तुला आणि एक तुझ्याबरोबर राहणाऱ्या त्या मुलीला. तीही घरापासून लांब आलेली आहे, तिला विचार. नाही म्हणायची नाही.

हे काय आहे ते आधी सांगते. पर्थशरमध्ये पिटलॉक्री नावाचं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव आहे. गावाबाहेर थोड्या अंतरावर फॅस्कली नावाचं रान आहे आणि रानात लॉक डनमोर नावाचं छोटंसं तळं. 2002 पासून बहुतेक शरदांत काही आठवडे या रानात रात्री दिव्यांचा आणि संगीताचा खेळ मांडतात. दर खेपेला कल्पना नवी, संगीत नवं. झाडांच्या बुंध्यांशी, झुडपांच्या आड, तळ्याच्या काठाला दिवे दडवलेले असतात. एल.ई.डी. दिवे फारसे तापत नाहीत आणि त्यांचा रंग संगणकावरून क्षणात बदलता येतो, त्यामुळे सुरांबरोबर अख्खा उतार जांभळ्याचा केशरी होतो. आपण फक्त पायवाटेने चालायचं. तिथे खुर्च्या नाहीत, रंगमंच नाही. दिवे झाडांवर असतात आणि आपण झाडांमध्ये.

तुझ्या डंडीहून आगगाडीने जायचं तर पर्थला गाडी बदलावी लागते. दुपारीच पोहोच. गावाजवळ टमेल नदीवर धरण आहे. त्याच्या कडेने सामन माशांना वर चढता यावं म्हणून 34 टप्प्यांची शिडी बांधली आहे, ती उजेडात बघून घे. रानाशी गाड्या लावायची सोय नसते. गावातून ठरलेल्या वेळच्या बसने नेतात आणि परत आणून सोडतात, त्यामुळे रात्री दोघी मुलींनी अनोळखी रस्त्याने चालत जायचा प्रश्न येत नाही. मात्र परतीची शेवटची आगगाडी किती वाजता आहे ते आधी बघ आणि तिच्या आधीची गाडी धरायचं ठरव. शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवली की मन घड्याळात अडकतं आणि बघणं राहून जातं.

आता कपड्यांचं, आणि यात माझं ऐकच. जीन्स घालू नकोस. सुती कापड एकदा भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेत राहतं. आत थर्मल, त्यावर मावशीने विणलेला लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यांत वर टोपीचा रेनकोट. छत्री नको. वाट अरुंद असते, मागच्यांना काही दिसत नाही. मोजे लोकरीचे एकच जोड घाल. दोन घालून बूट घट्ट झाले की पाय उलट जास्त गारठतात, कारण बोटांना हलायला आणि हवेला राहायला जागाच उरत नाही. थर्मासमध्ये मसाला दूध घे आणि ते बसची वाट पाहताना प्या. वेलची-जायफळाचा वास आला की तुझ्या मैत्रिणीला कोजागरी काय असते ते सांग. रात्र जागून, उघड्यावर बसून साजरी करायची आपली रीत आहे हे सांगताना तुलाच बरं वाटेल.

पाऊस भुरभुरत असेल तर हिरमुसू नकोस. माझ्या तीन फेऱ्यांमधली सगळ्यांत सुंदर रात्र भुरभुरीचीच होती. कोरड्या हवेत दिव्याचा झोत दिसत नाही, तो जिथे पडतो तेवढंच दिसतं. हवेत थेंब असले की उजेड त्यांच्यावर विखुरतो आणि झाडांमधून आरपार गेलेले झोत खांबांसारखे उभे दिसतात. तळं मात्र वारा नसेल तेव्हा बघावं. पाणी स्थिर असलं की काठावरचं प्रत्येक झाड खाली डोकं करून पाण्यातही उभं असतं, आणि खरं कुठलं ते कळेनासं होतं.

आणि झाडं बघ, बयो. लोक रंगांकडे बघत पुढे सरकतात आणि रंग कशावर पडलाय ते बघायचं राहतं. बर्चचं खोड पांढरं, म्हणून त्याला जो रंग द्याल तो ते अंगभर घेतं. बीचची पानं या दिवसांत तांब्याची झालेली असतात. हिरवं द्रव्य विरतं आणि आधीपासून पानात असलेला पिवळा वर येतो, मग हळूहळू तांबूसपणा. त्यांच्यावर पिवळसर दिवा पडला की आतून निखारा फुलल्यासारखं वाटतं. लार्च नावाचं एक झाड नीट बघ. दिसायला सूचिपर्णी, पण थंडीआधी सोनेरी होऊन सगळ्या सुया गाळून टाकतं. पायाखाली मऊ पिवळं काही लागलं तर ते त्याचंच.

डग्लस फर शोधायला विसरू नकोस. सरळ, उंच, खोडाला खोल भेगा. गळून पडलेली एखादी डहाळी उचल आणि सुया चुरगळून वास घे. संत्र्याच्या सालीसारखा येतो. हे झाड इथलं नाही. पर्थजवळच्या स्कोनमधल्या एका पाथरवटाचा मुलगा, डेव्हिड डग्लस, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रानोमाळ हिंडला. त्याने पाठवलेलं बी 1827 मध्ये ब्रिटनमध्ये आलं. तो स्वतः 1834 मध्ये हवाई बेटांवर वारला, जेमतेम पस्तिशीत. त्याची झाडं मात्र त्याच्या गावच्या मुलखात अशी रुजली की आज परगण्यातल्या सगळ्यांत उंच झाडांत त्यांची गणना होते. पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा मी त्या खोडाला हात लावून उभी राहिले होते. लांबून आलेल्या बीला इथली माती मानवली, एवढंच मनात आलं, आणि तेवढंही त्या रात्री पुरलं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दोन देखाव्यांच्या मध्ये काही ठिकाणी वाट काळोखी असते. माणसं तिथून भराभर पुढे जातात. तू तिथे थांब. कडेला हो, मागच्यांना जाऊ दे आणि मोबाइल खिशातच ठेव. आपल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. मंद उजेडात बघणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, त्यांना रंग कळत नाही आणि जागं व्हायला वेळ लागतो. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती सगळी सवय मोडते. तिथे, दिव्यांच्या इतक्या जवळ, पूर्ण सवय होणार नाहीच. पण पाच मिनिटांतसुद्धा आधी फक्त काळं होतं तिथे फांद्या दिसायला लागतात, मग फांद्यांमधलं आभाळ. पहिल्या फेरीत मी शेकडो फोटो काढले आणि घरी येऊन बघितलं तर मला त्या रानातलं काहीच आठवेना. दुसऱ्या वेळी आई बरोबर होती, म्हणून फोन खिशात राहिला.

आईची ती रात्र तुला कधी सांगितली नाही. ती ऑक्टोबरात आली होती, पाचवारीखाली थर्मल, पायात माझे बूट, डोक्यावर कानटोपी. देखावे तिने कौतुकाने बघितले. तळ्याकाठी तर हात जोडले. पण ती थांबली ती अंधाऱ्या वाटेवर. एका जाड बुंध्याला हात टेकून म्हणाली, "आपल्या देवराईत एवढा काळोख असायचा गं. तिन्हीसांजेला आजी समई लावायला जायची, मी कंदील धरून मागे. रानात दिवा एकच. मला कधी भीती वाटली नाही." मी विचारलं, का नाही वाटली? तिने क्षणभर विचार केला. "रोज जायचो ना. ओळखीचं होतं सगळं."

बयो, तेव्हापासून मी इथल्या अंधाराला नावं ठेवणं सोडलं. ओळख नव्हती, म्हणून तो अंगावर यायचा.

एक काळजी मात्र घ्यायची. ते रान आपल्या येण्याआधी कुणाचं तरी घर आहे. तिथे लाल खारी राहतात, घुबडं आहेत, वटवाघळं आहेत. वाट सोडून झाडीत शिरू नकोस, स्वतःची बॅटरी झाडांवर मारू नकोस, मोठ्याने हाका नकोत. आठवतं, बाबांनी आपल्याला भंडारदऱ्याला काजवे बघायला नेलं होतं? पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं लुकलुकत होती. काजव्यांचं ते चमकणं म्हणजे नर-मादीने एकमेकांना केलेल्या खुणा. गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्या पडल्या की त्या खुणा हरवतात. बाबांनी गाडी लांब उभी केली होती आणि तुझ्या हातातली बॅटरी काढून घेतली म्हणून तू रडली होतीस. मग तू गप्प झालीस आणि बाबांच्या खांद्यावरून बघतच राहिलीस. फॅस्कलीत माणसाने लावलेले दिवे आहेत, भंडारदऱ्याला झाडांनीच लावल्यासारखे होते. पण बघायची रीत एकच. आपला उजेड विझवायचा आणि थांबायचं.

तिथून आल्यावर काय, हेही सांगून ठेवते, कारण एका रात्रीने अख्खा हिवाळा निभत नाही. डिसेंबरात डंडीला साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळेल. म्हणून आत्तापासून एक नेम धर. दुपारच्या जेवणानंतर, उजेड असेल तेव्हा, अर्धा तास बाहेर चाल. ढग असले तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि आठवड्यातून एकदा मैत्रिणीबरोबर अंधार पडल्यावरही चाल, टे नदीच्या काठाने, जिथे माणसांची वर्दळ असते तिथे. तरीही मन उचलच खात नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर लपवू नकोस. मला सांग आणि डॉक्टरांकडे जा. हिवाळ्यातला असा खिन्नपणा हा खरा आजार असतो, त्यावर उपचार असतात. त्यात कमीपणा काही नाही.

दिवाळीचा आकाशकंदील मी तुला पाठवला आहे. खिडकीत लाव. लावलास की एकदा जिना उतरून खाली जा, रस्त्यापलीकडे उभी राहा आणि काळोखातून आपल्याच खिडकीकडे बघ. आई रोज असंच बघायची, आठवतं? कंदील लावून अंगणाच्या कडेला जायची आणि घराकडे तोंड करून उभी राहायची. मला वाटायचं, कंदील सरळ लागलाय का ते बघते.

परत आलीस की मला फोन कर. कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे.