कपोतगुरूचा धडा

अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर काशीत १५७३ साली एकनाथी भागवत पूर्ण केले. त्या गुरूंपैकी एक कपोत, म्हणजे आपलं कबूतर.

व्याधाच्या जाळ्यात पिल्लं सापडली. त्यांच्यामागे कपोती शिरली, तिच्यामागे कपोत. पिल्लं काही सुटली नाहीत; व्याधाला मात्र दोन पक्षी जास्तीचे मिळाले.

ही कथा वाचून "मोह वाईट" एवढंच मी म्हणायचो. खरा अर्थ एका सहीने शिकवला.

बँकेत असताना जामीनदाराला मी समजावून सांगायचो की करार कायदा १८७२, कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी साधारणपणे कर्जदाराइतकीच असते. "भाऊ, ही साक्षीची सही नव्हे, कर्जाची आहे." आणि मीच भाच्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो! ताई रडली, मी सही केली, घरी सौ.ला विचारलंही नाही. दोन हंगाम बुडाले, हप्ते थकले, नोटीस माझ्या दारी आली. निवृत्तीच्या पैशातून भरणा केला. भाचा त्यातून एवढंच शिकला, की मामा आहेत.

तीन वर्षांनी तो पुन्हा फॉर्म घेऊन आला. या वेळी मी म्हणालो, "बाबू, सही करणार नाही. पण बँकेत सोबत येतो, कपाशी-तुरीचा हिशेब बसून मांडू. घरात धान्य कमी पडलं तर निःसंकोच सांग." ताईने बोलणं टाकलं. त्या वर्षी राखी आली नाही. कित्येक रात्री झोप लागली नाही, पापच केलं की काय असं वाटायचं.

तेव्हा आधार मिळाला तो कारंज्याच्या श्रीनृसिंह सरस्वतींचा. आपण दारव्ह्याहून शकुंतलेने जायचो, तेच कारंजा. मुंजीनंतर महाराज निघाले, तेव्हा आई रडली. त्यांनी तिला झिडकारलं नाही, पण कायमचे थांबलेही नाहीत. पुढची मुलं होईपर्यंत थांबतो म्हणाले. जुळे झाले, ते तीन महिन्यांचे झाल्यावर निघाले. तीस वर्षांनी भेटीन हा शब्दही पाळला. मातेवर त्यांचं प्रेम का कमी होतं?

म्हणून ज्येष्ठ मंडळींना माझं सांगणं एवढंच: देता येईल तेवढंच कबूल करा, कबूल केलेलं पाळा. सही करण्याआधी घरात विचारा. "नाही" म्हणाल तेव्हा सोबत काय देता येईल तेही सांगा. दुसऱ्याचं प्रारब्ध आपल्या खात्यावर वळतं करता येत नाही.

भाच्याने ट्रॅक्टर विकला, आता भाड्याने नांगरणी करून घेतो. कर्ज त्याने स्वतः फेडलं. यंदा ताईची राखी आली. बोलणं अजून पहिल्यासारखं नाही. तेही महाराजांच्या पायाशी ठेवलं आहे.

श्रीगुरुदेव दत्त.