गालिचा उलटून बघा!

कोहमारा म्हटलं की बहुतेकांना फक्त फाटा आठवतो. हायवे सोडायचा, चहा घ्यायचा आणि गोंदियाकडे वळायचं. पण याच फाट्यावरून दुसरा रस्ता नवेगावबांधकडे जातो. त्या बाजूला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. 1959 नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांसाठी ती 1972 मध्ये वसवली गेली. शेतीसोबत त्यांची गालिचे विणण्याची कलाही आपल्या भागात आली.

आमच्या घरी दिवाणावर तिथलाच एक जुना गालिचा आहे, आजोबांनी आणलेला. मी त्यावर लोळून अभ्यास केला, पण तो ‘आर्ट’ आहे असं कधी वाटलं नाही. आर्ट म्हणजे फ्रेममधलं चित्र, असंच डोक्यात बसलेलं!

तिबेटी पद्धत अशी : उभ्या मागावर ताणा बांधतात. लोकरीचं सूत ताण्यामागून घेऊन एका सळईवर वेढे देत जातात. ओळ पूर्ण झाली की ती ठोकून घट्ट करतात आणि सळईवरचे वेढे सुरीने कापतात. तोच गालिच्याचा मऊ पृष्ठभाग. इराणी पद्धतीत मात्र सळई नसते. प्रत्येक गाठ वेगळी मारतात.

या सुट्टीत मी गालिचा उलटून पट्टी लावली. एका इंचात आडव्या 8 आणि उभ्या 8, म्हणजे चौरस इंचाला 64 गाठी. गालिचा 3 बाय 6 फूट, म्हणजे 2,592 चौरस इंच. गुणाकार केला : 1,65,888 गाठी! मिनिटाला 10 धरल्या तरी 276 तास. आपलं सबमिशन एका रात्रीत होतं!

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इराणचा ‘अर्दबील’ गालिचा काचेच्या पेटीत ठेवला आहे. चौरस इंचाला सुमारे 340 गाठी. त्यावर मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी सन 946, म्हणजे इ.स. 1539-40, विणलेलं आहे. पण मकसूद हा काम करवून घेणारा असावा, असं जाणकार मानतात. प्रत्यक्ष गाठी मारणाऱ्यांची नावं त्यावर नाहीत. आमच्या गालिच्यावरही नाव नाही.

म्हणजे बारकाव्यात फरक असेल, पण हाताचे कष्ट दोन्हीकडे तेच. एकाला आपण ‘कला’ म्हणतो, दुसऱ्याला ‘हस्तकला’ म्हणून पाय पुसतो. हे मला तरी पटत नाही.

घरी गेलात की गालिचा उलटून बघा. मागे नक्षी स्पष्ट दिसते का? कडेची झालर ताण्याच्याच दोऱ्यांची आहे, की वेगळी शिवलेली? ताण्याचीच असेल तर तो बहुधा हाताने विणलेला. मग आजी-आजोबांना विचारा, कुणाकडून आणला. नाव कळलं तर लिहून ठेवा. माझ्या आजोबांना मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “नाव विचारायचं राहूनच गेलं रे.”