बाळांसाठी दूध पावडर पाठवू नका

सुदानच्या बातम्या पाहून काही वाचक विचारतात, "तिथल्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे पाठवावेत का?" कळकळ खरी आहे, पण माझं उत्तर आहे, नको.

15 एप्रिल 2023 पासून तिथे लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलंय. दारफुरमधल्या अल फाशर शहराला वेढा पडला तेव्हा माणसांनी 'अंबाझ' खाऊन दिवस काढले. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याची पेंड, गुरांपुढे ठेवतात तीच. तिला बुरशी लागली की तिचं विष थेट यकृतावर जातं. जवळच्याच विस्थापितांच्या झमझम छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये भीषण दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं.

अशा छावणीत पावडर कालवायला उकळलेलं पाणी कुठलं? बाटली धुवायचीही सोय नसते. जुलाब लागतात आणि आधीच खंगलेलं बाळ बघता बघता हातचं जातं. शिवाय बाटलीची सवय लागली की बाळ अंगावर कमी पितं, आईचं दूध आटतं. मग डबे संपले की बाळाच्या तोंडी घालायला काहीच उरत नाही. "आईच उपाशी, तिला दूध कुठून येणार?" असं वाटणं साहजिक आहे. पण अर्धपोटी राहणाऱ्या बहुतेक आयांनाही, बाळ अंगावर पीत राहिलं, तर दूध येतं. म्हणून आधी आईला जेवू घाला. आपल्याकडेही, मोजके अपवाद सोडले तर, 1992 च्या कायद्यानं बाळाच्या डब्याच्या दुधाचं फुकट वाटप करता येत नाही. पूरग्रस्तांना मदत पाठवतानाही हे लक्षात असू द्या.

आणखी एक. खंगलेल्या मुलावरचा उपचारही डब्याचं दूध नव्हे. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहिला तरीही तेच. सुजेमुळे असं मूल उलट गुटगुटीत दिसू शकतं. मूल भुकेनं खात असेल, तर शेंगदाण्याची औषधी पेस्ट देतात. तिच्या 92 ग्रॅमच्या पुडीत 500 कॅलरी असतात आणि ती कालवायला पाणी लागत नाही. भूकच मेली असेल, तर दवाखान्यात दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खास पातळ दूध पाजतात. दयेपोटी एकदम पोटभर भरवलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं उतरतं, हृदय बंद पडू शकतं.

तेव्हा डबे गोळा करू नका. युनिसेफ किंवा जागतिक अन्न कार्यक्रमाच्या अधिकृत खात्यात पैसेच द्या.