विमान चुकतं ते तिकीट काढताना

पोरी, तिकीट काढायच्या आधी जरा बस. विमान चुकलं की लोक ट्रॅफिकला शिव्या घालतात, नाहीतर ड्रायव्हरला. वाळूजच्या कंपनीत साहेब लोकांची आणि परदेशी पाहुण्यांची तिकिटं काढण्यात माझी उभी नोकरी गेली. माझं मत विचारशील तर बरीचशी विमानं रस्त्यावर चुकत नाहीत. ती तिकीट काढतानाच चुकलेली असतात, आपल्याला फक्त उशिरा कळतं.

तुझं जर्मनीचं विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणार. आधी त्याची तारीख नीट वाच. तिकिटावर 12 तारीख आणि 1:20 लिहिलं असेल तर तुला 11 तारखेला रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर उभं राहायचंय. शिकलेली माणसं इथं फसतात. 12 तारखेला दिवसभर पाहुण्यांचा निरोप घेत बसतात आणि रात्री बॅगा घेऊन निघतात, तोवर विमान सुटून वीसेक तास झालेले असतात.

ही वेळ पक्की झाली की तिथून उलटं मोजत आपल्या चिकलठाणा विमानतळापर्यंत यायचं. आपल्याकडून मुंबईला विमानं किती? बोटांवर मोजण्याइतकी. मुंबई-दिल्लीत एक गेलं तर दोन तासांनी दुसरं मिळतं. आपलं एक रद्द झालं की पुढचं थेट संध्याकाळी, नाहीतर उद्या, आणि त्यातही जागा असेलच असं नाही. म्हणून रात्रीच्या परदेशी विमानासाठी इथून संध्याकाळचं विमान कधी धरायचं नाही. सकाळचं धर. मुंबईत दिवस फुकट गेला तर जाऊ दे, मावशीकडं जेव आणि झोप काढ. 2025 च्या डिसेंबरात पायलटांच्या ड्युटीच्या नव्या नियमांवरून इंडिगोचं गणित कोलमडलं आणि एका दिवशी तर देशभरात हजाराहून जास्त विमानं रद्द झाली. अशा वेळी मोठ्या शहरातला माणूस दुसऱ्या कंपनीकडं धावतो. छोट्या गावच्या विमानतळावर धावायला दुसरी कंपनी असावी लागते ना!

दुसरं, इथून म्युनिकपर्यंत सगळं एकाच तिकिटावर काढ, एकच पीएनआर. चार-पाच हजार जास्त पडले तरी चालतील. एका तिकिटावर असशील आणि आपलं विमान उशिरा गेल्यामुळं पुढचं चुकलं, तर तुला पुढं पोचवणं ही त्यांची डोकेदुखी. दोन वेगळी तिकिटं असली की म्युनिकवाल्यांच्या लेखी तू फक्त 'नो-शो', आलीच नाही. चिकलठाण्याला उशीर झाला, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

पण एका तिकिटाची एक खोच आहे. समज, इथलं विमान रखडलं आणि तुझ्या बाबांनी उत्साहात गाडी काढून तुला समृद्धी महामार्गावरून थेट मुंबईला नेलं. पहिला टप्पा न वापरल्यामुळं पुढचा सगळा प्रवास, येतानाच्या तिकिटासकट, रद्द होऊ शकतो. म्हणून आधी काउंटरवर किंवा फोनवर सांगायचं की मी मुंबईत थेट पोचते, तिकीट तसं बदलून द्या. बदललेलं तिकीट मोबाइलवर आलं की मगच गाडीची चावी फिरवायची.

एजंटाकडून काढलंस तरी तिकिटावर मोबाइल नंबर तुझाच घालायला लाव. आपल्याकडं एजंट सर्रास स्वतःचा नंबर टाकतो. वेळ बदलल्याचा मेसेज त्याला जातो आणि तो खुलताबादला लग्नात असतो. त्यात डीजीसीएचा नियम असा की तिकीट काढताना नीट संपर्क दिला नसेल तर भरपाईही मिळत नाही. एवढा एक रकाना लोक बघत नाहीत.

नावांचं म्हणशील तर 2023 ला शहराचं नाव बदललं, विमानतळाचा कोड मात्र आय-एक्स-यू तोच राहिला. छत्रपती संभाजीनगर टाकून सापडलं नाही तर औरंगाबाद टाकून बघ. खरी काळजी मुंबईच्या कोडची घ्यायची. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटायला लागली. बी-ओ-एम म्हणजे आपलं जुनं सांताक्रूझ-सहार, एन-एम-आय म्हणजे नवी मुंबई. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं तिकीट स्वस्त दिसेल, पण मधे खाडी आहे आणि मुंबईची संध्याकाळ आहे. असलं तिकीट घेऊ नको. जुन्या विमानतळातही टी-1 आणि टी-2 वेगळे, मधे बाहेरचा रस्ता. परदेशी विमान टी-2 वरून. आपलं विमान टी-1 ला उतरलं तर घाबरू नको, आता भुयारी मेट्रो-3 आहे. टी-1 वरून बसलं की सहार रोड, मग टी-2. पण रात्रभर ती धावत नाही, हे ध्यानात ठेव.

रेल्वेनं जायचं ठरलं तरी ही मेट्रो उपयोगी पडते. देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि तिथूनच खाली मेट्रोत शिरायचं, थेट टी-2. पूर्वी बॅगा घेऊन दादरचा पूल चढायला लागायचा, तो त्रास गेला. पण मनमाडकडचा आपला मार्ग अजून पुरता दुहेरी झालेला नाही. क्रॉसिंगला गाडी कुठं थांबली की थांबली. म्हणून गाडी पोचण्याची वेळ आणि काउंटर उघडण्याची वेळ यांत निदान पाच-सहा तास सोडायचे. वंदे भारत झाली म्हणून रूळ वेगळे झाले नाहीत.

समृद्धीचं तर मला लोकांचं हसू येतं. 5 जून 2025 ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला आणि सगळे म्हणायला लागले, मुंबई आता हाकेवर. सावंगीला चढलं की आमण्यापर्यंत गाडी पळते, खरंय. पण आमणे म्हणजे भिवंडी, विमानतळ नव्हे. तिथून पुढं ठाण्याचं ट्रॅफिक तुला जुन्याच वेगानं नेणार. पावसाळ्यात आमण्यापुढच्या त्या तुकड्याला अडीच-तीन तास धर. निघण्याआधी टायरची हवा बघायला सांग, आणि रात्री जागलेला ड्रायव्हर नको.

आता आपल्याच गावातली गोष्ट. विमानतळावर सगळ्यात उशिरा कोण येतं माहितीय? सिडको-मुकुंदवाडीवाले. हर्सूलचा, पडेगावचा माणूस वेळेत हजर, आणि ज्याला गच्चीवरून विमान दिसतं तो घामाघूम धावत येतो. विमानतळ छोटा, गर्दी नाही, म्हणून लोक सैल सुटतात. पण बहुतेक कंपन्यांचा बॅगांचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो आणि गेट 25 मिनिटं आधी, मग विमानतळ चिकलठाण्याचा असो की दिल्लीचा. विमान समोर काचेतून दिसत असतं, शिडी लावलेली असते, तरी आत सोडत नाहीत. वेब चेक-इन घरीच कर, तरी बॅग असेल तर काउंटरची वेळ पाळावीच लागते. लग्नसराईत बीड बायपासनं येऊ नको. तिथल्या एका लॉन्सची वरात रस्त्यावर आली की नवरदेव आधी, विमान नंतर.

काउंटरवर बॅग दिलीस की चिकटवलेला टॅग वाच. शेवटची तीन अक्षरं मुंबईची दिसतात की म्युनिकची, ते बघ. मुंबईची असतील तर तिथं पट्ट्यावरून बॅग उचलून पुन्हा द्यावी लागणार, त्याचा वेळ धर. काउंटरवरच्या बाईंना विचारायला लाजू नको. टॅगचा चिटोरा पासपोर्टच्या मागं चिकटवतात, तो घरी पोचेपर्यंत फाडायचा नाही.

इतकं करूनही चुकलंच, तर रडत बसायचं नाही. विमान सुटायच्या आत कळवलं तर निदान तिकीट बदलता येतं का ते बघतात. सुटल्यावर तू नो-शो. म्हणून रिक्षातूनच फोन लाव, आणि विमानतळावर रांगेत उभी असतानाही फोन चालू ठेव, जो आधी लागेल तो. तिकिटाचे पैसे बुडाले तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, नो-शोलाही. स्वस्तातल्या तिकिटात ही रक्कम चांगली असते, पण मागावी लागते. आपण होऊन कोणी देत नाही.

चूक त्यांची असेल तर हिशेब वेगळा. विमान रद्द केलं आणि सुटायला 24 तासांहून कमी उरले असताना कळवलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, आणि वर भरपाई: तासाभराच्या उड्डाणाला 5000 रुपये, दोन तासांपर्यंत 7500, त्याहून मोठ्याला 10000, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. धुकं, वादळ यांना भरपाई नाही. म्हणून विमान का रद्द झालं ते लेखी माग. छोट्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर खाणंपिणं त्यांनी द्यायचं. समोसा देतील, पण देतील. सहा तासांच्या पुढं गेलं तर दुसरं विमान नाहीतर पैसे परत. दाद लागली नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाक. बोर्डिंग पास आणि टॅक्सीच्या पावत्यांचे फोटो काढून ठेव. काउंटरवरच्या पोरावर मात्र ओरडू नको. पुढच्या विमानातली रिकामी जागा शोधून द्यायची की नाही, हे त्याच्याच हातात असतं.

येतानाचंही आत्ताच ठरव. तिकडून बॅग थेट इथपर्यंत टॅग केली असली तरी मुंबईत इमिग्रेशन झाल्यावर ती स्वतः उचलायची, कस्टममधून न्यायची आणि देशांतर्गतच्या काउंटरवर पुन्हा द्यायची. पट्ट्यावर आपली बॅग तिसाव्या मिनिटाला येते, कधी साठाव्या. तेव्हा मुंबईत उतरल्यावर आपल्या विमानाला निदान चार तास राहू देत, आणि बाबांना सांग, मुंबईहून विमानात बसल्याचा तुझा मेसेज आल्याशिवाय चिकलठाण्याला हार घेऊन येऊ नका.