रेबीज निर्मूलनाचे अर्थकारण : गोव्याचा अनुभव

प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या संसर्गजन्य रोगांना 'प्राणिजन्य रोग' असे म्हणतात. मांजरापासून होणारा टॉक्सोप्लाझ्मोसिस, कुत्र्या-मांजरांपासून लागणारे गजकर्ण ही त्यांची परिचित उदाहरणे होत. रेबीज मात्र या सर्वांहून वेगळा आहे. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ. आणि जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन वेळेत लस व आवश्यक तेथे इम्युनोग्लोब्युलिन घेतल्यास तोच मृत्यू टाळता येतो. असे असूनही, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडील सर्वेक्षणावर आधारित अंदाजानुसार, देशात दरवर्षी सुमारे 91 लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे 5,700 जण रेबीजने दगावतात.

माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्यापासूनच येतो. म्हणजे रोगाचे मूळ कुत्र्यात, पण खर्च रुग्णालयात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत येथे 'बाह्यता' आहे. आपल्या कुत्र्याला लस टोचून घेणाऱ्याला खर्च एकट्याला पडतो, लाभ मात्र साऱ्या आळीला मिळतो. पाळलेला पण दिवसभर मोकळा फिरणारा कुत्रा आणि कोणाचाच नसलेला कुत्रा यांच्या बाबतीत तर हा खर्च करायला कोणी पुढेच येत नाही. लसीकरण बाजारावर सोडून भागत नाही, ते याच कारणाने.

गोव्यात राज्य शासनाने 'मिशन रेबीज' या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने 2013 नंतर कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणाचे काम हाती घेतले व 2017 पासून ते राज्यभर नेले. जाळी घेऊन फिरणारी पथके, प्रत्येक लसीची मोबाइलवर स्थाननिहाय नोंद, शाळांतून शिक्षण आणि संशयित कुत्र्यांचा शोध अशी त्याची अंगे होती. वर्षाला सुमारे 95 हजार कुत्र्यांना लस दिली जाऊ लागली. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण 92 टक्क्यांनी घटले. 2018 व 2019 या वर्षांत राज्यात माणसाचा एकही रेबीज-मृत्यू नोंदला गेला नाही. 2021 मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' घोषित झाला.

लसीकरणाचे उद्दिष्ट 70 टक्के का, हा प्रश्न परीक्षेतही विचारता येण्याजोगा आहे. एक बाधित कुत्रा सरासरी दोनहून कमी कुत्र्यांना रोग देतो. त्यामुळे साखळी तोडण्यास सर्वच कुत्र्यांना लस देण्याची गरज नसते. परंतु नवी पिल्ले जन्मतात, लसवंत कुत्री मरतात, आणि प्रमाण वर्षभरात घसरते. म्हणून मोहीम दरवर्षी लागते.

खरी अडचण हिशेबाची आहे. कुत्र्याच्या लसीचा खर्च पशुसंवर्धन विभाग वा स्थानिक संस्थांच्या खात्यावर पडतो, तर वाचलेल्या जिवांचे श्रेय आरोग्य खात्याच्या आकडेवारीत दिसते. शिवाय रेबीज घटला तरी चावे घटत नाहीत. कुत्रा निरोगी असल्याची खात्री होईपर्यंत कोणताही डॉक्टर लस नाकारू शकत नाही. आरोग्य खात्याचाही खर्च आपोआप कमी होत नाही, तो चावलेल्या कुत्र्याचा माग काढणारी यंत्रणा उभी राहिल्यावरच होतो. 'एक आरोग्य' ही संकल्पना अंदाजपत्रकात उतरवणे म्हणजे या दोन खात्यांचा हिशेब एकत्र मांडणे होय.

केंद्राने 2021 मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात 2030 पर्यंत कुत्र्यांमार्फत होणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. सिंधुदुर्ग, बेळगाव व कारवारकडून गोव्यात येणाऱ्या कुत्र्याला राज्याची सीमा ठाऊक नसते. तेथील लसीकरण 70 टक्क्यांच्या खाली राहील तोवर गोव्याला दरवर्षीचा खर्च थांबवता येणार नाही.