गाडी घेण्याआधी

सांगली

चि. ओंकार यास,


परवा शकूच्या डोहाळजेवणात तुझी बहीण हसत हसत सांगत होती, की गणपतीला मित्राच्या गाडीतून चिपळूणला जाताना तू बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप अडकवून ठेवली होतीस. बेल्ट लावला नाही की गाडी पिकपिक करते, ती पिकपिक बंद व्हावी म्हणून. पुण्याहून कऱ्हाड, कोयनानगर आणि मग अख्खा कुंभार्ली घाट, तोही रात्री, तू बेल्टशिवाय चालवत गेलास. सगळ्या हसल्या. "दादाचं डोकं भारी चालतं," असंही कुणीतरी म्हणालं. मला मात्र पुढचा घास गेला नाही.

हे खोटं असेल तर पुढचं वाचू नकोस, फोन करून तसं सांग. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच. माझ्या दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या कानावर मी काही घातलेलं नाही. त्याचं बीपी तुला माहीत आहे, आणि बापूकाकांच्या जीपच्या त्या अपघातानंतर घाटाचा विषय निघाला की तो कसा उठून अंगणात जातो, तेही.

तू पाठवलेला तक्ता मी चष्मा लावून नीट पाहिला. स्विफ्ट, वॅगनआर, आय टेन निओस आणि टियागो, चौघींची किंमत, मायलेज, स्क्रीनचे इंच, चाकांची डिझाइनं, सगळं आहे. मागे कोण बसणार, याचा रकाना नाही. डिकीचा नाही. बेल्टचा तर नाहीच. तुझी आत्या बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसून म्हातारी झाली, तेव्हा मी माझे रकाने भरते. राग मानू नकोस.

आधी वहिनीचे, तुझ्या आईचे गुडघे. ऑपरेशन झाल्यापासून तिला खाली वाकून बसायचं आणि तिथून वर उठायचं, दोन्ही जड जातं. वॅगनआर १६७५ मिलिमीटर उंच आहे, तिची सीटही वर आहे. वहिनी दार उघडून सरळ आत सरकेल. स्विफ्टमध्ये तिला आधी पाय, मग डोकं, मग कंबर असं करावं लागेल. डिकीही वॅगनआरची मोठी, ३४१ लिटरची. निओसची २६०, नव्या स्विफ्टची २६५, टियागोची २४२. तांदळाचं पोतं, आंब्याच्या पेट्या आणि दादाने आग्रहाने दिलेला एक फणस घेऊन चिपळूणहून परतताना हा फरक लिटरमध्ये मोजावा लागत नाही, दिसतो.

पण मग म्हणशील, वॅगनआरच घेतो. थांब. तिची रुंदी १६२० मिलिमीटर आहे आणि स्विफ्टची १७३५. मागे तिघं बसली की उंचीला कुणाची तक्रार नसते, खांद्यांची असते. तुम्ही चौघंच असता की दर वेळी शकूच्या घरचं कुणीतरी बरोबर असतं, हे तुला ठाऊक. शिवाय उंच आणि अरुंद गाडी घाटाच्या वळणावर जास्त कलंडल्यासारखी वाटते. चालवणारा सावकाश असेल तर त्याचं काही नाही. तू सावकाश आहेस का? बघ, मी पुन्हा त्याच ठिकाणी आले.

इंजिनाचं थोडक्यात सांगते. निओसचं १.२ लिटरचं इंजिन चार सिलिंडरचं आहे, त्यामुळे सिग्नलला उभी असताना ती शांत असते. टियागो तीन सिलिंडरची आणि नवी स्विफ्टही आता तीनच सिलिंडरची, म्हणून थोडी थरथर जाणवते. कंपनीच्या आकड्यांत स्विफ्टचं मायलेज लिटरला २४-२५ किलोमीटर आहे, पण ते प्रयोगशाळेतलं. घाटात चार माणसं, एसी आणि फणस असताना ते कुणालाच मिळत नाही. सीएनजीचा मोह होतोय, असं तू लिहिलं आहेस. पैसे वाचतात हे खरं, पण वॅगनआरमध्ये ती टाकी डिकीच खाऊन टाकते, म्हणजे जिच्यासाठी ती गाडी घ्यायची तीच जागा जाते. टियागो आणि निओसमध्ये हल्ली दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात, वर थोडी जागा उरते. घाटात भरल्या गाडीला सीएनजीवर दम कमी पडतो, हेही चालवून बघ. आणि शोरूमच्या समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको. वहिनीला मागे बसव आणि एखादा चढ चढवून बघ.

आता सुरक्षेच्या तारका. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत टियागोला २०२० साली मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, निओसला त्याच वर्षी दोन, जुन्या स्विफ्टला २०२२ साली एक, वॅगनआरला २०२३ साली एक. हे वाचून टियागोच्या बाजूने उडी मारू नकोस. २०२२ मध्ये चाचणीचे नियम कडक झाले, बाजूने बसणाऱ्या धडकेचेही गुण मोजायला लागले. आधीचे चार आणि नंतरचा एक हे एकाच तराजूतले नाहीत. शिवाय त्यानंतर स्विफ्टची पिढी बदलली. आज स्विफ्ट, वॅगनआर आणि निओस तिघींच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅगा येतात, टियागोच्या २०२५च्या पत्रकात दोन. म्हणजे प्रश्न सोपा नाही. कुणाचा सांगाडा मजबूत, कुणात बॅगा जास्त. शोरूमवाल्याला नेमक्या तुझ्या प्रकाराची चाचणी झाली आहे का, कधी झाली, ते विचार आणि लेखी घे.

पण ओंकार, या सगळ्या तारका बेल्ट लावलेल्या बाहुल्यांच्या आहेत. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि ती बॅग त्याच क्षणी जोराने त्याच्या तोंडावर फुगत येते. क्लिप अडकवलेल्या सहा एअरबॅगांच्या गाडीपेक्षा बेल्ट लावलेली जुनी गाडी मला परवडेल. ४ सप्टेंबर २०२२ला चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले, ती गाडी काही स्वस्त नव्हती. पुढचे दोघं वाचले. मागे बसलेले दोघं गेले, आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. तू ती कुठून आणलीस? मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडाची भीती मला नाही रे. पैसे मी भरेन.

आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढची कित्येक वर्षं छोटी गाडी म्हणजे तीच. १९९८ साली सँट्रो आली, इंडिका आली, त्याच सुमारास मटीझ, आणि वर्षभराने वॅगनआर. माझ्या टेबलासमोर रोज हीच भांडणं. सँट्रोवाले म्हणायचे, पागोटं घालूनही बसता येतं. इंडिकावाल्यांचा अभिमान वेगळाच, ती पिंपरी-चिंचवडची, आपली. रतन टाटांनी म्हणे सांगितलं होतं, आकार झेनसारखा, आतली जागा अॅम्बेसेडरसारखी, किंमत मारुतीजवळची आणि खर्च डिझेलचा. मटीझ सगळ्यांत गोड दिसायची, पण देवू कंपनीच पुढे बुडाली. म्हणून आजही मी म्हणते, गाडीच्या आधी तिच्या मागे उभी असलेली कंपनी आणि घराजवळचं सर्व्हिस सेंटर बघ. दार लावताना धप आवाज येतो म्हणजे दणकट, हे खूळ डोक्यातून काढ. रबराची पट्टी, दाराच्या फटी, खालचा पत्रा, मागच्या सीटची शिवण, हे हात लावून बघ. चिपळूणची हवा पत्र्याला माफ करत नाही.

आमच्या घरी शेवटी जी आली ती माझ्या पगारावर, माझ्या नावावर. लायसन्सही काढलं होतं मी, तुझ्या जन्माच्या आधी. पण सुकाणू कायम तुझ्या काकांच्या हातात. "तू बस मागे, पोरांकडे बघ." मी बसले. शेकडो लोकांची वाहनकर्जं मंजूर केली आणि स्वतःची गाडी विश्रामबागच्या चौकापर्यंतही कधी नेली नाही. काका गेल्यावर ती विकताना किल्ली हातात घेतली तेव्हा जाणवलं, की आपल्याला गाडी बंदही नीट करता येत नाही. वहिनी शिकते म्हणाली तर तिला "कशाला?" म्हणू नकोस. ड्रायव्हरची सीट वरखाली होणारा प्रकार घे, तिची उंची कमी आहे. बहिणीलाही शिकव. गाडी तुझ्या एकट्याच्या मापाची घेऊ नकोस.

प्रकार निवडताना लोक कुठे फसतात तेही सांगते. सगळ्यांत खालचा प्रकार जाहिरातीसाठी असतो आणि सगळ्यांत वरचा शेजाऱ्यांसाठी. मधला बघ. मागच्या काचेला वायपर आणि डीफॉगर हवाच. जुलैत कुंभार्लीत ढग उतरले की नऊ इंची स्क्रीनचा उपयोग नाही, मागच्या काचेतून दिसलं पाहिजे. गिअर आपोआप पडणारी एएमटी घेणार असशील, तर चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे घरंगळते का ते तपासून घे.

विम्यात काटकसर नको. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात कुठवर चढलं होतं ते तू फोटोत पाहिलंस, मी दादाच्या आवाजात ऐकलं. खालच्या आळीत रांगेने गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ज्यांनी घाईने किल्ली फिरवली, त्यांच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं. साध्या विम्यात तो खर्च बहुधा बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. तू घे. आणि गाडी बुडालीच तर किल्लीला हात लावू नकोस, उचलून न्यायला गाडी बोलाव.

राहिला हप्ता. सात वर्षांचं कर्ज काढतो आहेस असं ऐकलं. सात लाखांवर नऊ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता साधारण ११,२६० येतो आणि व्याज जातं २ लाख ४६ हजार. पाच वर्षांत फेडलंस तर हप्ता १४,५३० आणि व्याज १ लाख ७२ हजार. पाऊण लाखाचा फरक आहे. त्यात जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८वर आला आहे, छोट्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत. वाचलेले पैसे वरच्या प्रकारावर उडवू नकोस, कर्ज कमी काढ.

तुझ्या ठिकाणी मी असते तर काय घेतलं असतं, हे तू विचारशीलच. घरचे बहुतेक वेळा चारच असतील आणि पेट्रोलवरच चालवायची असेल, तर वहिनीच्या गुडघ्यांसाठी वॅगनआर, १.२ लिटरची, चार सिलिंडरवाली. मागे पाचवं माणूस नेहमी असेल तर निओस बघ. टियागो पैशाला चांगली आहे, पण डिकी तुम्हाला पुरणार नाही. स्विफ्ट तुला आवडली आहे हे तुझ्या तक्त्यावरूनच कळतं, तिचा रकाना तू आधी भरलास. ती घेतलीस तरी मी रुसणार नाही. चालवायला ती छानच आहे म्हणतात, आणि तुझं वयच तसं आहे.

फार बोलले. लहानपणी कधी मला पुढच्या सीटवर बसायला मिळालं की तू माझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायचास, तेव्हा तुझ्या पोटाभोवती माझे दोन हात असायचे, तोच काय तो बेल्ट. आता ते हात तिथे पुरत नाहीत, म्हणून एवढं लिहिते. रागावून लिहायला बसले होते, राग केव्हाच गेला. हुशार आहेस, कष्टाने पैसे साठवलेस, आईला पुढच्या सीटवर बसवून नेईन म्हणालास. दादाला ते फार आवडलं आहे. तो तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

मार्चमध्ये माझी एक एफडी मोकळी होते आहे. त्यातले दीड लाख तुझ्या डाउन पेमेंटला देणार आहे. परत करायचे नाहीत, आणि वहिनीला त्यातलं काही कळू द्यायचं नाही. अट एकच आहे, ती तू ओळखलीसच. ती क्लिप फेकून दे, कुणाला देऊन टाकू नकोस. पुढे बसलेल्यांनी आणि मागे बसलेल्यांनी, सगळ्यांनी बेल्ट लावले की मगच किल्ली फिरव. आणि पत्र पोचलं की लिहीत बसू नकोस, रात्री नऊनंतर फोन कर. मी जागी असते.

तुझी,
आत्या