परीकथेतील महायुद्ध आणि एक सुतार

'आटपाट नगर होते' अशी सुरू झालेली गोष्ट राक्षस मेला की संपते. राजपुत्राला राजकन्या व अर्धे राज्य मिळाले, एवढ्यावर आजीचे आणि आपलेही समाधान होत असे. पण तो राक्षस मुळात कोण होता? युद्धानंतर त्या राज्याचे काय झाले? हे प्रश्न विचारणारी 'फेबल्स' ही इंग्रजी चित्रकथामाला मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. तिच्यातील महायुद्धाविषयी चार विचार येथे मांडीत आहे.

बिल विलिंगहॅम या अमेरिकन लेखकाची ही माला. बहुतेक चित्रे मार्क बकिंगहॅम यांची. २००२ ते २०१५ या काळात तिचे १५० अंक निघाले. हिमगौरी, सिंड्रेला, लांडगा, राजपुत्र ही सारी आपल्या ओळखीची मंडळी येथे निर्वासित आहेत. एका अज्ञात शत्रूने त्यांची राज्ये जिंकल्यामुळे ती न्यूयॉर्क शहरात लपून राहतात. २००८ मधील ७० ते ७५ या अंकांत ती त्या साम्राज्यावर उलटून चाल करतात.

या युद्धातील शस्त्रे मोठी मौजेची आहेत. सुई टोचताच आपल्यासह भोवतालच्या सर्वांना झोपवणारी राजकन्या शत्रूच्या राजधानीत नेली जाते आणि तिचा शापच सैन्याच्या कामी येतो. आभाळाला भिडलेला जॅकचा वेल हा रसद पोचवण्याचा मार्ग होतो. एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याची द्वारे उडवली, की शत्रूच्या फौजा जागच्या जागी अडकतात. शेवटच्या द्वारासाठी तो देखणा, दिलफेक राजपुत्र होरपळलेल्या देहाने बॉम्ब ओढीत नेतो. त्याच्या आयुष्यातील पहिले निःस्वार्थी काम हेच असावे!

परंतु माझ्या मते या युद्धाचे मर्म शत्रूच्या ओळखीत आहे. तो राक्षस नव्हे, जेपेट्टो आहे. कार्लो कोलोदी या इटालियन लेखकाच्या १८८३ च्या पुस्तकात पिनोकियो हा लाकडी मुलगा घडवणारा तोच गरीब सुतार. एका जुलमी सत्ताधीशाच्या जागी आपला लाकडी पुतळा बसवावा, एवढ्यापासून त्याने सुरुवात केली. हेतू वाईट नव्हता. मग दुसरा पुतळा, मग तिसरा. आणि प्रत्येक पुतळ्यात आज्ञापालन कोरलेले! पोटच्या पोरासारखा पिनोकियोही त्यातून सुटला नाही.

हे वाचताना मला आमचा पेण तालुका आठवला. गडबहून हमरापूर, जोहे फार दूर नाहीत. तेथील गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर हात मातीत असतात. माझे वडीलही अशाच एका कारखान्यात कारागीर आहेत. डोळ्यांची आखणी करताना ते श्वास रोखून धरतात. पण मूर्ती गाडीत चढली की मागे वळून पाहत नाहीत. ती कोणाच्या घरी बसेल, कोणत्या पाण्यात विरघळेल, हे ते विचारीत नाहीत. घडवणे आणि सोडून देणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. जेपेट्टोला पहिले साधले, दुसरे नाही. म्हणून कारागिराचा सम्राट झाला.

युद्धात निर्वासित जिंकतात. जेपेट्टोला ठार न मारता माफी देऊन त्यांच्याच वस्तीत ठेवले जाते. मात्र गोष्ट सुखाने संपत नाही. बाणाने जखमी झालेला शूर बॉय ब्लू पुढे त्याच जखमेने मरतो आणि साम्राज्याने कोंडून ठेवलेली एक अधिक काळी शक्ती मोकळी होते. कुरुक्षेत्रानंतर युधिष्ठिराला राज्य गोड लागले नाही, त्याच जातीचे हे सत्य आहे.

जेपेट्टोला माफी द्यावी की नाही, यावर वाचकांत मतभेद होतील. मला वाटते, त्याने पिनोकियोला एकदा तरी 'तुला वाटेल तिकडे जा' असे म्हटले असते, तर हे युद्ध झालेच नसते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. ऐन हंगामात कारखान्यात दोन हात कमी पडत असतानाही वडील मला एवढेच म्हणाले, "तू जा, उशीर होईल." या वाक्याची किंमत मला ही चित्रकथा वाचून कळली.